सेरोलसरच्या वाटेवर, उन्हाच्या तुकड्यात

हिमाचलमधल्या जलोरी पासवर गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सप्टेंबर असूनही बोटं गारठली होती. उंची ३,१२० मीटर. इथून सेरोलसर तळ्यापर्यंत पाचेक किलोमीटरची पायवाट जाते, खरसू ओकच्या शेवाळलेल्या जंगलातून. तळ्याकाठी बूढी नागिणीचं देऊळ आहे. इथले लोक तिला नागदेवतांची आई मानतात.

अर्धी वाट झाली आणि पुढे चालणाऱ्या वाटाड्याने हात आडवा केला. "दीदी, रुकिए."

मला काहीच दिसेना. पालापाचोळा, एक चपटा दगड, त्यावर परातीएवढं ऊन. मग त्या उन्हातल्या पानांना डोळा फुटल्यासारखं झालं आणि साप दिसला. हिमालयन पिट व्हायपर! आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या चापडा सापाचा थंडीतला भाऊबंद.

मी रत्नागिरीची. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दगड उचलताना खाली फुरसं असेल हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण जिथे माझे दात वाजत होते तिथे विषारी साप आरामात पडलेला बघून मी थक्क झाले. जेमतेम हातभर लांब. दुर्बिणीतून बघितलं तर डोळ्यापासून जबड्यापर्यंत काळपट पट्टा, उभी चिरेसारखी बाहुली, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा. याच खळग्याने त्याला उंदराच्या अंगाची ऊब अंधारातही कळते. जीभ बाहेर आली तीसुद्धा सावकाश.

मधलं अंग चांगलंच फुगलेलं होतं. वाटाड्या हळूच म्हणाला, "बच्चे होंगे." मलाही ती गाभणीच वाटली. घोणस, फुरसं हेही पिल्लंच घालतात, पण इथे त्याचं मोल फार मोठं. या गार मातीत अंडी उबायची कशी? म्हणून आई ती पोटातच ठेवते आणि ऊन जाईल तिथे त्यांना घेऊन जाते. हिवाळ्याचे महिने दगडांच्या कपारीत निपचित काढायचे आणि उरलेल्या दिवसांत जेवढं ऊन मिळेल तेवढं अंगात भरून घ्यायचं. ४,९०० मीटरपर्यंत ही जात सापडल्याची नोंद आहे.

वाटाड्याच्या काकूला गवत कापताना असाच साप चावला होता. हात कोपरापर्यंत सुजला, कितीतरी दिवस विळा धरता आला नाही. या चाव्याने सहसा जीव जात नाही, पण आपल्याकडचं प्रतिविष बनतं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषापासून. डोंगरातल्या या बायकांसाठी त्यात काही नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तरी त्याच्या घरात साप मारत नाहीत. "नागिन माता के हैं," एवढंच तो म्हणाला.

आम्ही वरच्या अंगाने लांबून वळसा घेतला.

तळं आरशासारखं स्वच्छ होतं. पाण्यावर पान पडलं की आभी नावाचं चिमुकलं पाखरू ते उचलून नेतं, असं सांगतात. भाविक तळ्याभोवती तुपाची धार धरत प्रदक्षिणा घालत होते. मीही हात जोडले, त्या दगडावरच्या आईसाठी.

परतताना दुपार कलली होती. चपटा दगड सावलीत गेला होता, रिकामा. ऊन चार हात सरकून एका मुळीवर आलं होतं आणि ती तिथे होती.