पाण्याला निघायला वाट

आमच्या सामूहिक शेतात पावसाचं पाणी अडवून मुरवायला पहिला चर आम्ही मे महिन्यात खोदला. साक्रीच्या बाजूला, पांझरेपासून फार लांब नाही, दीड एकराचा तुकडा आणि आठ कुटुंबं. मी धुळ्याहून दर रविवारी पहिल्या एसटीनं जाते.

आम्ही पर्माकल्चर करतो, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं शेताची आखणी. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात दिलं. आधी बघा, मग हात लावा, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं. आणि नेमकं तेच आम्ही केलं नाही. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला बांधलेला दगड, अशी 'घोडी' केली. दोरी पट्टीवरच्या खुणेला लागली की दोन्ही पाय एका पातळीवर. तशी रेषा आखत, अगदी सपाट चर काढला. खालच्या कडेनं तूर पेरली.

जुलैत तीन दिवस झड लागली. चर काठोकाठ भरला आणि पाणी हलेचना. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो, म्हणून मला वाटलं होतं की कितीही पाणी मुरेल. पण ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मुरणं फार मंदावतं. पुढच्या रविवारी गेले तर तूर पिवळी पडून माना टाकलेली. ती रोपं उपटताना मला रडू आलं.

शेजारच्या बांधावरून नाना आले. त्यांचे वडील फडावर पाटकरी होते. आमच्याकडे पांझरेवर शेकडो वर्षांपूर्वीचे फड बंधारे आहेत. नदीचं पाणी पाटानं आपोआप उतारानं यायचं, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक, आणि कुणाला किती पाणी हे पाटकरी बघायचा. नानांनी चरात फावडं उभं केलं आणि म्हणाले, "हाई काई माटी शे, माय. पानीले निंघाले वाट ठेव." म्हणजे, ही काळी माती आहे, पाण्याला निघायला वाट ठेव.

मग घोडीच्या एका पायाला अर्धा सेंटीमीटर जाडीची लाकडी चकती ठोकली. तो पाय कायम पुढे ठेवायचा, म्हणजे पावलागणिक तेवढाच उतार मिळतो. चराचं टोक शेताच्या सखल कोपऱ्यात काढलं, तोंडाशी वाळा लावला आणि पुढे खड्डा करून केळी नि अळू. बांधावर पाल्याचं आच्छादन टाकलं. ऑगस्टच्या पावसात पाणी सावकाश सरकताना मी छत्री मिटवून बघत उभी राहिले. नाना शेजारीच होते, काही बोलले नाहीत.

येत्या रविवारी वरच्या अंगाचा दुसरा चर आखायचा आहे. या वेळी घोडी नानाच धरणार आहेत. येणाऱ्यांनी आपापलं फावडं आणावं. कळण्याची भाकरी आणि ठेचा तिथे आहे.