साठ हजारची गोळी रोज खाल्ली की रात्रीची झोप का मोडते

तालुक्याच्या मेडिकलमध्ये नुसतं ‘साठ हजारची द्या’ म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी. कधी मऊ कॅप्सूल, कधी दुधात टाकायची पुडी, कधी एका घोटाची बाटली. गुडघे दुखतात, कंबर भरून येते, निंदणीनंतर अंग मोडून येतं, चिकनगुनिया होऊन गेला तरी सांधे सुटत नाहीत, अशा प्रत्येक तक्रारीवर आता ही गोळी मिळते. कमतरता असलेल्याला तिचा खरा उपयोग आहे. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, साधारण 8 आठवडे, आणि पुढे गरज असेल तर महिन्याला एक. बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, एकाच कागदी पाकिटात येतात आणि ‘आठवड्यातून एक’ हे चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं. मग हीसुद्धा रोज सकाळी पोटात जाते. बरं वाटलं नाही की आणखी एक पाकीट आणलं जातं.

आकडे नीट पाहा. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट, सत्तरीपुढे 800. म्हणजे एका गोळीत 100 दिवसांचं ड असतं. पूर्ण 8 आठवड्यांचा कोर्स 4 लाख 80 हजार युनिटांचा. तीच गोळी महिनाभर रोज घेतली तर 18 लाख. देखरेखीशिवाय रोज घेण्याची सुरक्षित वरची मर्यादा 4,000 युनिट धरतात, आणि ही एक गोळी तिच्या 15 पट आहे. त्यात ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून 6 लाखांचं ड दंडात किंवा कमरेत टोचलेलं असेल, तर तो एकटाच डोस सगळ्या कोर्सपेक्षा मोठा आहे. इंजेक्शन एका डॉक्टरकडे आणि गोळ्या दुसऱ्याकडे, असं झालं तर बेरीज कोणीच करत नाही.

‘जास्तीचं लघवीतून निघून जातं’ ही समजूत बी-कॉम्प्लेक्समुळे झाली आहे. त्या गोळीने लघवी पिवळी होते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ड तसं नाही. ते चरबीत विरघळतं, अंगातल्या चरबीत साठतं आणि गोळी बंद केल्यावरही काही महिने तिथून रक्तात उतरत राहतं.

आता झोपेचं. ड जीवनसत्त्व थेट झोप उडवतं, म्हणून ते रात्री घेऊ नका, असा सल्ला मोबाइलवर फिरतो. त्याला भक्कम आधार नाही. गोळी दुपारी घेतली की रात्री, याने फरक पडत नाही. तेल-तूप-दूध असलेल्या जेवणासोबत घेतली तर ती नीट शोषली जाते, एवढंच. झोप मोडते ती कॅल्शियममुळे. ड वाढलं की आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम ओढतं आणि हाडातलं कॅल्शियमही सुटून रक्तात येतं. रक्तातलं कॅल्शियम दर 100 मिलिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम या पट्ट्यात असायला हवं. ते वर गेलं की पहिला फटका किडनीला बसतो.

रात्री मेंदूकडून एक संप्रेरक किडनीला सांगत असतं की पाणी धरून ठेव, म्हणून आपण सहा-सात तास न उठता झोपू शकतो. कॅल्शियम वाढलेलं असताना किडनी हा हुकूम ऐकत नाही. फिकट, पाण्यासारखी, भरपूर लघवी होत राहते. माणूस रात्री तीन-चारदा उठतो, घसा कोरडा पडतो म्हणून माठातलं पाणी पितो, पुन्हा उठतो. जोडीला मळमळ, भूक मरणं, पोट साफ न होणं. दिवसभर मात्र अंगात जीव नसतो, बसल्या जागी डुलकी लागते, चिडचिड होते, बोलणं विसरायला होतं. रात्री जागं आणि दिवसा गुंगीत, ही जोडी लक्षात ठेवा.

घरचे याचा अर्थ वेगळाच लावतात. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर असतो, तेव्हा तहान आणि जागरण दोन्ही उन्हाळ्याच्या नावावर जातं. म्हाताऱ्या माणसाला ‘वयच झालं’ म्हणतात. साखर तपासली जाते, ती बरोबरच आहे, आधी तीच तपासावी. पुरुषांत प्रोस्टेट पाहतात, तेही योग्य. पण दोन्ही ठीक निघाल्यावर रक्तातलं कॅल्शियम तपासा असं कोणी सुचवत नाही आणि हातात झोपेची गोळी पडते. याची फार काळजी वाटते. लघवीचा जोर तसाच, वर झोपेच्या गोळीची गुंगी, आणि संडास मागच्या अंगणात. अंधारात उंबरा ओलांडताना पाय अडकला की खुब्याचं हाड मोडतं.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून दिलेलं ड जास्त झालं तर उलटंही होतं, हे नीट तपासलं गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांवर झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिले होते. त्यांच्यात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जास्त निघालं. 2019 साली कॅनडातल्या कॅलगरीच्या अभ्यासात रोज 400, 4,000 आणि 10,000 युनिट असे तीन गट 3 वर्षं पाहिले. दहा हजारवाल्यांच्या मनगटाच्या हाडाची घनता चारशेवाल्यांपेक्षा कमी होती. कमतरता भरून निघाल्यावर वरून ओतलेलं ड हाडाच्या कामाचं नाही.

एक चूक नेहमी होते आणि ती धोक्याची आहे. रात्री उठावं लागतं म्हणून माणूस संध्याकाळनंतर पाणी तोडतो. कॅल्शियम वाढलेलं असताना किडनी पाणी सोडतच राहते. वरून पाणी नाही, शेतात दिवसभर घाम, म्हणजे रक्त आणखी आटतं आणि कॅल्शियमचा आकडा आणखी चढतो. किडनी बसते ती अशीच. म्हणून पाणी कमी करू नका. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

शंका आली तर घरी करता येणारी गोष्ट म्हणजे 24 तासांची लघवी मोजणं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची. तिथून पुढची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिलीसकट, लिटरच्या खुणा असलेल्या बाटलीत मोजून लिहायची. बेरीज 3 लिटरच्या वर गेली तर ती नुसती जास्त पाणी प्यायल्याची म्हणून सोडू नका. मग घरातल्या सगळ्या रिकाम्या पट्ट्या, पुड्या आणि बाटल्या एका पिशवीत भरा, इंजेक्शनची तारीख आठवून लिहा आणि ती पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. नुसतं ‘कॅल्शियमची गोळी घेतो’ म्हटल्यावर साठ हजारचा पत्ताच लागत नाही.

तपासण्यांत आधी रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं). ड च्या तपासणीपेक्षा हे स्वस्त आहे आणि तालुक्याला होतं. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम खोटंच कमी दिसतं: 4 मधून अल्ब्युमिन वजा करा, उरेल त्याला 0.8 ने गुणा आणि ते कॅल्शियमच्या आकड्यात मिळवा. कॅल्शियमची वाढ 12 पर्यंत सौम्य, 12 ते 14 मध्यम, 14 च्या वर गेलं की तातडीचं. ड ची तपासणी ‘25 हायड्रॉक्सी’ नावाने होते. 20 च्या खाली कमतरता, 100 च्या वर सावध, 150 च्या वर विषबाधेचा पट्टा. पण रिपोर्टवर आकड्यापुढचं एकक वाचा. हे आकडे नॅनोग्रॅमचे आहेत. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे आकडा अडीचपट मोठा असतो. 50 नॅनोमोल म्हणजे 20 नॅनोग्रॅमच.

कॅल्शियम वाढलेलं निघालं तर पहिलं काम ड आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन्ही बंद. घरातलं दूध-दही काही दिवस बेताने. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला. आपल्याकडे विदर्भात हे सांगावंच लागतं. खर्ऱ्यातला, पानातला चुना म्हणजे कॅल्शियमच, तोही अल्कधर्मी, आणि रक्त अल्कधर्मी झालं की किडनी कॅल्शियम बाहेर टाकायला आणखी कुचराई करते. दिवसाला चार-पाच पुड्या खाणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का तेही पाहून घ्या, कारण ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. गोळी स्वतःहून थांबवू नका, बदलून मागा. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वाढलेल्या कॅल्शियमसोबत ते ठोके बिघडवतं.

सतत उलट्या, असंबद्ध बोलणं, उठवूनही न उठणं, छातीत धडधड, किंवा आधी भरपूर होणारी लघवी अचानक कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर गावात सलाईन लावून वाट पाहू नका. सेवाग्राम, यवतमाळ, नागपूर, जवळ असेल ते मोठं रुग्णालय. तिथे सलाईन मोजून देतात, कॅल्शियम रोज पाहतात, गरजेप्रमाणे स्टेरॉइड किंवा हाडातून सुटणारं कॅल्शियम थांबवणारं औषध देतात. चार दिवसांत माणूस बोलायला-चालायला लागतो आणि घरी येतो. फसगत इथेच होते. चरबीतलं ड अजून उतरत असतं, त्यामुळे आकडा पुन्हा चढू शकतो. सुरुवातीला दर आठवड्याला कॅल्शियम तपासावं लागतं. बरं वाटतं म्हणून ते सोडू नका.

आपल्या भागात आणखी तीन आजार या गोळीच्या आड लपतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने होणारं मान-पाठीचं आखडणं ड ने सुटत नाही, त्यासाठी पाणी तपासून बदलावं लागतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांच्या किडनीला मुळातच लघवी घट्ट करता येत नाही, रात्री उठणं त्यांना नवीन नसतं; त्यात कॅल्शियम वाढून अंगातलं पाणी घटलं तर दुखण्याचा झटका येतो. सिकलसेलमध्ये ड ची कमतरताही असते, पण ती मोजूनच भरायची. आणि टीबीत शरीर स्वतःच जास्त सक्रिय ड बनवू शकतं, म्हणून त्या काळात साठ हजारची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच.

ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी गोळी आठवडी बाजाराला बांधून घ्यावी. बाजार बुधवारी भरत असेल तर बुधवारी जेवताना एक. घरी आणल्या आणल्या प्रत्येक गोळीच्या खणावर पेनाने तारीख टाका, कॅलेंडरवर 8 बुधवारांना गोल करा, आठवा संपला की थांबा. एखादा बुधवार चुकला तर दोन एकदम घेऊ नका. अंगावर पडणाऱ्या उन्हाने मात्र ड कधीच जास्त होत नाही, कातडी जादाचं ड दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकते. कापूस वेचताना बाया पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं बांधतात, म्हणून दिवसभर शेतात असूनही त्यांच्यात कमतरता निघू शकते.

बाळाच्या ड च्या थेंबांचंही पाहा. पहिल्या वर्षी रोज 400 युनिट पुरतात. काही बाटल्यांत 1 मिलिलिटरमध्ये 400 असतात, काहींत 800. दुसरी बाटली आणली की लेबल पुन्हा वाचा आणि तिच्यासोबतचाच ड्रॉपर वापरा. घरातल्या 5 मिलिलिटरच्या चमच्याने दिलं तर ते 2,000 किंवा 4,000 होतात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची वरची मर्यादाच 1,000 आहे.

आणि आशाताई गरोदर बायांना देतात ती कॅल्शियमची गोळी हे वाचून बंद करू नका. तिच्यात 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि फक्त 250 युनिट ड असतं. चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन, बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या. फक्त लोहाच्या गोळीसोबत नको, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.