निरा डाव्या कालव्याकाठच्या गावाचा जुना नकाशा वाचताना

बारामती-इंदापूर पट्ट्यातला जुना गावनकाशा हाती आला की आधी तारीख बघा. निरा डावा कालवा सुरू झाला 1885 मध्ये. इंदापूर तालुक्याची इंग्रजांनी केलेली जमीनमोजणी त्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधीची. म्हणून कालवा, त्याचे फाटे, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्या पुष्कळदा मूळ नकाशावर नंतर चढवलेल्या असतात आणि एकाच सर्व्हे नंबरचे दोन तुकडे पाडून जातात.

प्रमाण बहुधा 1 इंच = 20 साखळ्या. साखळी म्हणजे मोजणीचे माप, 33 फुटांचे; तिचे 16 भाग, प्रत्येकाला आणा म्हणत. म्हणजे इंचाला 660 फूट, आणि चौरस इंचाला बरोबर 10 एकर! इतका सोयीचा हिशेब आजच्या नकाशांत मिळत नाही.

गडबड होते ती नकलेत. झेरॉक्स लांबी-रुंदीत 5-5 टक्के लहान निघाली, तर 10 एकरांचे क्षेत्र मोजताना 39 गुंठे कमी भरते. आधी नकाशावरची मापपट्टी फुटपट्टीने तपासा, उभी आणि आडवी दोन्ही, कारण कागद दोन्हीकडे सारखा आटत नाही.

दुसरा घोटाळा नंबरांचा. 1947 च्या कायद्यानुसार एकत्रीकरण (विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडणे) झालेल्या गावात सातबाऱ्यावर गट नंबर असतो, जुन्या नकाशावर सर्व्हे नंबर. सर्व्हे 42 म्हणजे गट 42 नव्हे. जोड लावायला एकत्रीकरणाचे पत्रक काढा.

बांधाचा वाद असेल तर गावनकाशावर विसंबू नका. मापे टिपणात, म्हणजे मोजणीच्या वेळी केलेल्या सर्व्हे नंबरच्या आराखड्यात, असतात.