हिमोग्लोबिन कमी, पण तांबड्या पेशी जास्त

राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट नेणारा माणूस एकच आकडा बघतो: हिमोग्लोबिन. तो कमी दिसला की घरीदारी सल्ले सुरू. बीट खा, खजूर खा, कलेजी खा. तांबडा रस्सा पिऊन रक्त वाढतं म्हणणारेही भेटतात; तो तांबडेपणा मिरचीचा असतो ओ!

मध्यंतरी कसबा बावड्याच्या एक वहिनी आल्या (गाव बदलून सांगतोय). "दादा, लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळा आला, रक्त काय वाढंना." हिमोग्लोबिन 10.2. पण माझी नजर अडकली खालच्या ओळींवर. पेशीचा आकार, म्हणजे एमसीव्ही, 62. तांबड्या पेशी 5.8 दशलक्ष. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनंही घटतात. इथं लहान, पण भरपूर. 62 भागिले 5.8 म्हणजे 10.7. हे उत्तर 13 च्या आत आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा, म्हणजे माणूस हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असावा. हा नुसता आडाखा. डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) लिहून दिलं. हिमोग्लोबिनचा एचबीए2 हा प्रकार निघाला 5.4 टक्के, म्हणजे जास्त, आणि फेरिटिन अगदी व्यवस्थित. म्हणजे लोह कमी नव्हतंच, वहिनी बीटा थॅलेसेमियाच्या वाहक होत्या. ही तपासणी न करताच त्यांना वर्षानुवर्षं लोह दिलं गेलं, याचा मला राग येतो.

हिमोग्लोबिन हे प्रथिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं. सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आजार) हा रेणूचाच आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं. पुढं 1956-57 मध्ये व्हर्नन इनग्रॅमनं नेमका फरक पकडला. बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहावं तेवढं वेगळं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. तिथं साखळीच बदललेली. बीटा थॅलेसेमियात बहुतेकदा साखळी ठीक असते, पण तयारच कमी होते. भारतात सगळ्यात जास्त आढळणारा बदल तर जनुकाच्या अशा तुकड्यात आहे, जो प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जातो. त्या टाकाऊ तुकड्यातलं डीएनएचं पाचवं अक्षर जीचं सी झालं, की कापायची जागाच चुकते. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी मला हे दरवेळी अचाट वाटतं.

दुसऱ्या मुलाचा विचार चालला होता, म्हणून नवऱ्याचीही तपासणी सांगितली गेली. "ह्यांना काय धाड भरलीय? रोज तालमीत जातात," वहिनी म्हणाल्या. वाहक माणूस तालमीतही जातो, वहिनी. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल थॅलेसेमिया मेजरचं, म्हणजे या आजाराच्या गंभीर रूपाचं, असण्याची शक्यता चारात एक, आणि अशा मुलाला सहसा आयुष्यभर रक्त चढवावं लागतं.

वहिनींचे मिस्टर आले. एमसीव्ही 88, एचबीए2 2.7. म्हणजे ती भीती गेली. मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, तेवढंच. जाताना त्यांनीच विचारलं, "मग हिच्या भावाचं काय? त्याचं लग्न ठरलंय गडहिंग्लजला."

पाठवा म्हटलं. भाऊ अजून आलेला नाही. हॉलचं बुकिंग मात्र झालंय म्हणे.