बिनतिकिटाचं कार्ड

आज सकाळी पुण्यात जुनं टपाल विकणाऱ्याकडे पाऊण तास घासाघीस करून एक पोस्टकार्ड आणलं. घरी आल्या आल्या आई म्हणाली, "तिकीटसुद्धा नाही यावर, आणि तू पैसे मोजलेस?"

तीच तर गंमत! 1907 च्या हेग करारानुसार युद्धकैद्यांच्या टपालाला तिकीट लागत नसे. हे कार्ड 1916 चं, आपल्या नगरहून जर्मनीला निघालेलं. नगरचा किल्ला म्हटलं की आपल्याला 1942 नंतरचे नेहरू आठवतात. पण पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत जर्मन कैदी आणि हिंदुस्थानात अडकलेले जर्मन नागरिकही ठेवले होते. त्याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदी इथेच आणले होते.

जांभळा सेन्सॉरचा शिक्का नेमका पत्त्यावर बसलाय. पेन्सिलीचा मजकूर जर्मन येणाऱ्या मैत्रिणीला फोटो काढून पाठवला. मला वाटलं, काहीतरी थरारक निघेल. निघालं काय, तर तब्येत बरी आहे, पार्सल पोचलं, आणि लोकरी मोजे पाठवू नका, इथे फार उकडतं.

मोज्यांचं वाचून आई हसली. मग चष्मा लावून कार्ड पुन्हा मागून घेतलं.