24 तासांत 1609 किलोमीटर: माझा अनुभव

आयुष्यभर बाइक चालवलेल्या माणसाला सॅडलसोर 1000 मध्ये सगळ्यात जास्त नडते ती दर शंभर किलोमीटरला चहासाठी थांबायची सवय. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या बाइकस्वारांच्या संघटनेची ही पहिली पायरी: 24 तासांत 1000 मैल, म्हणजे 1609 किलोमीटर. सरासरी पडते ताशी 67. पण 16 चहा, प्रत्येकी 25 मिनिटं धरा. पावणेसात तास उभ्यानेच गेले. उरलेल्या वेळात ताशी 93 ची सरासरी लागते. ती आपल्या हायवेवर निघत नाही, आणि काढायला जाऊही नये.

म्हणून मी वेगाचा विचार सोडला आणि थांबे मोजले. मार्ग पुणे–बंगळूर–पुणे. एका बाजूने साधारण 840 किलोमीटर. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, टाकी 15 लिटरची. ताशी 85–90 ने चालवली की लिटरला 28 मिळतात, म्हणजे टाकीत 420. पुण्यात फुल, मग बेळगाव (340), दावणगिरी (235), बंगळूर (265), आणि येताना तेच उलट. मधले चार थांबे, प्रत्येकी 10 ते 12 मिनिटांचे. जेवण, टॉयलेट, चेन, सगळं त्यातच बसवायचं. एक मोठा थांबा फक्त बंगळूरला, 40 मिनिटांचा.

मार्ग आखताना मीटरवर विसंबू नका. जवळपास सगळ्या गाड्यांचे मीटर थोडं जास्त दाखवतात. माझं 3 टक्के जास्त, म्हणजे मीटरवर 1650 दिसतात तेव्हा प्रत्यक्षात 1600 च झालेले असतात. नकाशावर 1670–1680 भरेल असाच मार्ग घ्या. बंगळूरच्या अलीकडे, नेलमंगलावरूनच वळलात तर आकडा काठावर येतो.

आता बिलं, म्हणजे राइड पूर्ण केल्याचा असोसिएशनला दाखवायचा पुरावा. दुचाकीला टोल नाही, त्यामुळे टोलची पावती हा पुरावा आपल्याकडे नसतो. सगळी मदार पेट्रोलच्या बिलावर. पहिल्या बिलावरच्या वेळेला घड्याळ सुरू होतं आणि शेवटच्या बिलावर थांबतं. बिल हातात आलं की जागेवरच तीन गोष्टी वाचायच्या: तारीख, वेळ, पंपाचं गाव. काही पंपांच्या मशीनचं घड्याळ 20–25 मिनिटं मागेपुढे असतं. असं दिसलं तर शेजारच्या एटीएममधून शंभर रुपये काढून ती स्लिप घ्या. पंपाच्या मशीनपासून बाजूला येऊन बिल आणि ओडोमीटर एकाच फोटोत घ्यायचे, वहीत आकडा लिहायचा, आणि बिल प्लास्टिकच्या पाकिटात टाकून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचं. टँक बॅगच्या पारदर्शक कप्प्यात ठेवू नका; थर्मल कागद दुपारच्या उन्हात काळा पडतो. वळण्याच्या जागेचं बिल तर हवंच. ते नसेल तर तुम्ही दावणगिरीहूनच परत फिरलात असं कागद सांगतात.

मी पहाटे 4 ला निघालो. त्यामुळे दुपारी 3 च्या सुमारास बंगळूर येतं आणि पुण्यात रात्री 2 ला पोहोचता येतं. हाताशी दोन तास राहतात. झोपेचा सगळ्यात वाईट काळ रात्री 2 ते 5, तो टळतो. मात्र कागलपासून साताऱ्यापर्यंतचा पट्टा येताना अंधारात येतो. गाळपाच्या हंगामात तिथे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या दिव्यांत ट्रॉली दिसतच नाही. दिसतात ती बाहेर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, तीही 30–40 मीटरवर आल्यावर. या पट्ट्यात मी ताशी 65 च्या वर गेलो नाही. हाताशी ठेवलेले दोन तास यासाठीच असतात. फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात मला बरी वाटते: धुकं सरलेलं, ऊन अजून तापलेलं नाही, बरेच कारखाने बंद होत आलेले.

गाडीचं काम आठवडाभर आधी उरका आणि नंतर 200 किलोमीटर चालवून बघा. नव्या कामातली चूक तेवढ्यात कळते. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून ओढून टेपने बांधून ठेवली, म्हणजे तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची. हिमालयनच्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, तिथे ट्यूबलेस टायरचं पंक्चर बुजवायचं प्लगचं किट चालत नाही. दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर लिव्हर, एक्सलचे पाने आणि छोटा पंप लागतो, आणि घरी एकदा तरी मागचं चाक काढून बसवलेलं असावं. चेनला बंगळूरला, गरम असतानाच, ल्यूब.

अंगावर सायकलवाल्यांची पॅडेड चड्डी, तीही आत दुसरी चड्डी न घालता. शिवण 400 किलोमीटरनंतर कातडी सोलते, आणि मग माणूस सीटवर सारखा सरकत राहतो. दर 15 मिनिटांनी पाण्याच्या पिशवीच्या नळीतून दोन घोट ओआरएस. खायला केळी, चिक्की, दहीभात. धाब्यावरची थाळी नाही. डोळा मिटायला लागला, लेन सुटली, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, की त्याच क्षणी पंपावर गाडी लावून 20 मिनिटांचा अलार्म लावायचा. उठूनही तसंच वाटलं तर त्या दिवशीची राइड संपली.

शेवटचा पंप आदल्या रात्री जाऊन बघून या: तो 2 ला चालू असतो का आणि मशीनमध्ये कागदाचा रोल आहे का. तो घराजवळचाच निवडा, कारण शेवटचं बिल घेतल्यावर अंगातली सगळी ताकद एकदम उतरते.