शीर फुगली पोटरीत, गळती जांघेत

चवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या तळून झाल्यावर मी डावा घोटा खाजवत बसले होते, तेवढ्यात बोटांना ओलं लागलं. रक्त! फडका दाबला तरी थांबेना. शेवटी आडवी झाले, पाय उशांवर उंच ठेवला आणि घट्ट दाबून धरला, तेव्हा कुठे थांबलं.

खाज वर्षभराची होती. घोट्याच्या आतली कातडी तपकिरी पडली होती. एका डॉक्टरांनी इसब म्हणून मलम दिलं होतं, ते मी न चुकता लावत होते. पोटरीवरच्या शिरा तर धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून फुगलेल्या. या दोन्हींचा संबंध असेल हे ना त्यांनी सांगितलं, ना मला सुचलं. आईच्या पायांवरही अशाच निळ्या गाठी होत्या. "आपल्या घरात बायकांचं असंच," म्हणायची आणि लावणीला शेतात उतरायची.

चवथ आटोपल्यावर डिचोलीहून पणजीला सर्जनकडे गेले. शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी डॉप्लर तपासणी झोपवून करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्टुलावर उभं केलं. सगळा भार उजव्या पायावर घ्यायला सांगितला, डाव्या जांघेत गार जेल लावून वर यंत्र टेकवलं आणि दुसऱ्या हाताने माझी पोटरी दाबून सोडली. दाबल्यावर रक्त वर सरकलं ते पडद्यावर निळं दिसलं. सोडल्याबरोबर त्याच शिरेत लाल रंग भरला, म्हणजे रक्त उलट खाली येत होतं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ असं आलं तर शिरेतली झडप गळते. माझं तीन सेकंदांवर गेलं.

डॉक्टरांनी कागदावर पाय काढून दाखवला. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि रक्त वर हृदयाकडे जातं. नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद, घोट्याशी दाब वाढतो. माझी बावीस वर्षं फळ्यासमोर गेली, त्यात दोन बाळंतपणं, शिवाय आईकडून आलेलं. मी विचारलं, बायकांनाच का होतं? ते म्हणाले, बायका दाखवायला येतात एवढंच. एडिंबरात 18 ते 64 वयाच्या लोकांचे पाय तपासले, तेव्हा फुगलेल्या शिरा पुरुषांत सुमारे 40 टक्के आणि बायकांत 32 टक्के जणांना निघाल्या. हे ऐकून मी चकितच झाले.

लेझर दिवाळीच्या सुट्टीत केलं. गुडघ्याजवळ सुई टोचून त्यातून तार थेट जांघेपर्यंत सरकवली. शिरेभोवती बधिर करणारं पाणी भरताना मात्र प्रत्येक टोचणी कळली. खराब शीर आतून भाजून बंद केली. मग रक्ताचं काय, ही माझी भीती. ते खोलवरच्या चांगल्या शिरांतून जातं. तासाभरात मला चालायला लावलं. दुसऱ्या आठवड्यात मांडीत दोरी ताणल्यासारखं ओढत होतं, ते आपोआप गेलं.

खरी कसोटी पायावर दाब देणाऱ्या मोज्यांची. आधी पायाच्या नाड्या तपासल्या, कारण धमन्यांत अडथळा असेल तर असे घट्ट मोजे घालायचे नसतात. घोट्याचा आणि पोटरीचा घेर सकाळी, सूज नसताना मोजला. अंथरुणातून उतरण्याआधीच ते चढवायचे. गोव्याच्या घामात हे किती जिवावर येतं! तरी एक दिवस चुकवला नाही. खाज गेली, तपकिरी डाग अजून आहे, पण फिकट होतोय.

एके रात्री मोजे धुवत होते. हे बसवर कंडक्टर, दिवसभर उभे. न्हाणीच्या दारात येऊन थांबले, मग पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "गो, हे बघ जरा." उजव्या पोटरीवर करंगळीएवढी शीर वळत खाली गेली होती.

"किती वर्षं झाली हो?"

"आठ-नऊ असतील."

पुढच्या मंगळवारी त्याच स्टुलावर ते उभे होते आणि मी पडद्याकडे बघत होते.